माउसट्रॅपच्या सह्या: पैसे देण्याआधी कागदाची तारीख काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लंडनला शिकणाऱ्या लेकीबरोबर तुम्ही सेंट मार्टिन्स थिएटरात अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ हे रहस्यनाटक पाहिलं आणि नाटकाने झपाटलात. आता एका ऑनलाइन लिलावात ‘पहिल्या प्रयोगाचा, मूळ संचाच्या सह्या असलेला प्रोग्रॅम’, म्हणजे नटांची नावं असलेली छापील पुस्तिका, दिसतोय. त्यावर रिचर्ड अ‍ॅटनबरो, शीला सिम आणि खुद्द लेखिका अगाथा ख्रिस्ती अशा तीन सह्या आहेत, सोबत सत्यतेचं प्रमाणपत्र आहे. घ्यावा का? आणि असा संग्रह करायचाच तर सुरुवात कुठून करायची?

मी ठाण्याचा. नाटकाचे कागद जमवायला लागून तीसेक वर्षं झाली. मराठी नाटकांच्या हस्तपत्रिका आणि स्मरणिकांपासून सुरुवात झाली, मग नोकरीपायी सात वर्षं लंडनजवळ काढली आणि तिथे हा दुसरा आजार जडला. घरात माउसट्रॅपचे दोन खोके आहेत. त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे फोनवरचा फोटो बघून मी सही खरी की खोटी हे सांगणार नाही. तसं छातीठोक सांगणाऱ्यापासून जरा लांबच राहा. पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींवर बरंच बोलता येतं. एक, आतल्या पानावर सार्जंट ट्रॉटरच्या भूमिकेपुढे अ‍ॅटनबरोचं नाव नाही, दुसऱ्याच नटाचं आहे. दोन, तिन्ही सह्या जाड काळ्या स्केचपेनसारख्या पेनाने केलेल्या आहेत. तुम्ही हे सहज जाता जाता लिहिलंत, पण मला सगळ्यात जास्त रस इथेच आहे. सहीचं अक्षर नंतर बघू. हा कागद कधी छापला आणि या तिघांचे हात त्याला कधी लागू शकले असते, हे आधी ठरवायचं.

हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते लंडनला नाही, नॉटिंगहॅमच्या थिएटर रॉयलमध्ये, ६ ऑक्टोबर १९५२ ला. लंडनचा शुभारंभ झाला २५ नोव्हेंबर १९५२ ला, वेस्ट स्ट्रीटवरच्या अ‍ॅम्बॅसडर्स थिएटरात. तिथे ते मार्च १९७४ पर्यंत चाललं. २३ तारखेला शनिवारी तिथला शेवटचा प्रयोग झाला आणि सोमवारी, २५ तारखेला, शेजारच्याच सेंट मार्टिन्समध्ये पडदा उघडला. मधे एकही प्रयोग बुडवला नाही. बुडाले ते थेट कोविडमध्ये: १६ मार्च २०२० ला नाटक थांबलं आणि १७ मे २०२१ ला पुन्हा सुरू झालं.

या तारखा पाठच करून टाका, निम्म्या जाहिराती त्यांच्यावरच आपटतात. ‘पहिला प्रयोग’ म्हटलं की मी विचारतो, कुठला? नॉटिंगहॅमचा की लंडनचा? प्रोग्रॅमवर सेंट मार्टिन्स छापलेलं असेल तर तो १९७४ च्या आधीचा असणं शक्यच नाही. अ‍ॅम्बॅसडर्स असेल तर १९५२ ते १९७४ अशी बावीस वर्षांची पट्टी मिळते, आणि त्या पट्टीत नेमकं वर्ष काढायचं ते नटसंचाच्या यादीवरून. नाटकात पात्रं आठच. मोली आणि जाइल्स रॅल्स्टन हे नवराबायको, ख्रिस्तोफर रेन, मिसेस बॉइल, मेजर मेटकाफ, मिस केसवेल, मिस्टर पॅराव्हिचिनी आणि सार्जंट ट्रॉटर. संच साधारण वर्षा-वर्षाने बदलत गेला, म्हणून आठ नावांची जुळणी ही त्या कागदाची जन्मतारीखच समजा. आपल्याकडे वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ‘प्रयोग क्र. २५०’ असं छापतात, त्यामुळे जुनं कात्रण लावणं सोपं जातं. तिकडच्या प्रोग्रॅमवर नेहमी तारीख मिळतेच असं नाही, पण नावं असतात.

मूळ लंडन संचात ट्रॉटर होता अ‍ॅटनबरो आणि मोली होती त्याची खऱ्या आयुष्यातली बायको शीला सिम. ज्या प्रोग्रॅममध्ये ट्रॉटर दुसराच कोणी आहे, तो पहिल्या प्रयोगाचा नाही. इथे वाद संपला. त्यासाठी ना भिंग लागतं, ना तज्ज्ञ.

मग सह्या खोट्या का? तसंही नाही, आणि इथेच परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग येतो. नाटकाच्या वाढदिवसांच्या मेजवान्या व्हायच्या, निर्माता पीटर सॉंडर्स त्याबाबतीत हौशी माणूस. जुने नट नंतर प्रेक्षक म्हणून येतात, कुणीतरी हातातला कागद पुढे करतो, ते सही करतात. अ‍ॅटनबरो २०१४ पर्यंत होता, शीला सिम २०१६ पर्यंत. म्हणजे १९६० चा प्रोग्रॅम एखाद्याने १९८५ मध्ये त्यांच्यापुढे धरला असेल, हे अगदी शक्य आहे. तशी सही खरी असेल, फक्त ती ‘मूळ संचाची, त्या रात्रीची’ नसेल. दोन्हींच्या किमतीत फरक असतो आणि विक्रेता पैसे मागतोय ते त्या रात्रीच्या सहीचे.

ख्रिस्तीबाईंचं गणित वेगळं. त्या १२ जानेवारी १९७६ ला गेल्या. सेंट मार्टिन्सच्या प्रोग्रॅमवर त्यांची सही असेल तर ती पावणेदोन-दोन वर्षांच्या फटीत, वयाच्या त्र्याऐंशी ते पंच्याऐंशीच्या दरम्यान झालेली असायला हवी. अशक्य नाही, पण मी भुवया उंचावतो. मुळात बाई भिडस्त. १९५८ साली या नाटकाने लंडनच्या रंगभूमीवरचा सलग प्रयोगांचा विक्रम मोडला म्हणून सॅव्हॉय हॉटेलात मोठी मेजवानी होती. दारावरच्या माणसाने त्यांना ओळखलं नाही आणि आत सोडलं नाही, तर ‘अहो, नाटक माझंच आहे’ असं म्हणायचं सोडून त्या निमूटपणे मागे फिरल्या. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. खासगी पत्रांवर त्या बरेचदा ‘अगाथा मॅलोवन’ अशी लग्नानंतरच्या नावाने सही करत. म्हणून मॅलोवन दिसलं की लगेच खोटं म्हणू नका.

आता पेन. जाड फेल्ट टिपची पेनं दुकानादुकानांत मिळायला लागली ती १९६० च्या दशकात. १९५२-५३ साली लंडनमध्ये सही व्हायची ती शाईच्या पेनाने, बॉलपेनने किंवा पेन्सिलीने. काळ्या मार्करची सही म्हणजे किमान दहा-बारा वर्षांनंतरची. आणि तीन माणसांनी एकाच पेनाने, सारख्याच दाबाने, शेजारी-शेजारी सह्या केल्या असतील तर ते तिघं एका रात्री एका टेबलाशी असायला हवेत. तशी रात्र घडली असेलही. मग विक्रेत्याने सांगावं, कुठली. तुम्ही विचाराल तेव्हा ‘एका जुन्या संग्राहकाच्या घरातून आलंय’ एवढंच उत्तर येईल, बघा.

प्रमाणपत्राबद्दल एकच सांगतो. ते कोणीही छापू शकतं, आणि चांगल्या जाड कागदावर छापू शकतं. त्यावर सही कोणाची, तो माणूस उद्या सापडेल का, आणि सही खोटी निघाली तर पैसे परत करण्याचं लेखी वचन आहे का, एवढंच बघायचं. जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांची एबीए ही संस्था १९०६ पासून आहे आणि सह्यांच्या व्यापाऱ्यांची आफ्टल आहे. सभासद व्यापाऱ्याकडे थोडे जास्त पैसे पडतात, पण तक्रार घेऊन जायला एक दार तरी राहतं.

माझी स्वतःची फजिती सांगतो. लंडनला गेल्यावर पहिल्याच वर्षी जुन्या कागदांच्या एका बाजारात मी एका नटाचा सहीचा फोटो पंधरा पौंडांना घेतला. निळी शाई, झोकदार सही, खाली रेघ. घरी आलो, स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं. त्याच्या गालावर छपाईचे बारीक ठिपके दिसत होते, ते अपेक्षितच. भिंग खाली सरकवत सहीवर आणलं तर सहीसुद्धा ठिपक्यांचीच! सहीसकट छापलेलं कार्ड होतं, चाहत्यांना फुकट पाठवतात तसलं. खरी शाई ठिपक्यांच्या वर बसते. कागद तिरका धरला की तिची चमक छपाईपेक्षा वेगळी दिसते, आणि बॉलपेन असेल तर मागच्या बाजूला बोटाला किंचित उठाव लागतो. चहा गार झाला तरी मी बघत बसलो होतो. ते कार्ड फेकलं नाही, नवीन मुलांना शिकवायला आजही कामाला येतं.

भिंगाखाली बघायची दुसरी जागा म्हणजे घडी. त्या काळातले प्रेक्षक प्रोग्रॅम उभा दुमडून कोटाच्या खिशात कोंबायचे, म्हणून जुन्या प्रोग्रॅमला बरेचदा मधोमध एक थकलेली घडी असते. सहीची रेघ या घडीवरून जात असेल तर नीट बघा. सही आधी आणि घडी नंतर पडली असेल तर शाईचा थर कागदाबरोबर तुटलेला दिसतो, मधून कागदाचा पांढरा दोरा डोकावतो. घडी आधीच मोडलेली असेल आणि सही नंतर केली असेल तर ओली शाई त्या उसवलेल्या तंतूंमध्ये शिरते आणि रेघेला दोन्ही बाजूंनी मुंगीच्या पायांसारखे बारीक फाटे फुटतात. पन्नास वर्षांच्या घडीवर नव्या शाईचे पाय दिसले की समजायचं, कोणीतरी कोरा जुना प्रोग्रॅम चार पौंडांत घेतला आणि घरी बसून ‘सही’ केली. जुना कागद अस्सल असणं हीच या धंद्यातली सोय आहे, हे विसरू नका.

नोटा तपासायचा जांभळा टॉर्च बरेच जण वापरतात. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी रसायनं घालतात, ती सुमारे १९५० नंतर रूढ झाली आणि त्या टॉर्चखाली निळसर झगमगतात. १९३० च्या कागदासाठी ही कसोटी उत्तम. १९५२ हे मात्र ऐन सीमेवरचं साल आहे, त्यामुळे इथे टॉर्चच्या जिवावर निकाल देऊ नका.

अ‍ॅटनबरोच्या सहीबद्दल आपल्याकडे एक गंमत आहे. ‘गांधी’च्या निमित्ताने तो भारतात वावरला, त्यामुळे इथल्या लोकांकडे त्याच्या ऐंशीच्या दशकातल्या सह्या सापडतात. कोणी ती सही समोर ठेवून १९५२ ची तपासायला लागला तर घोळ होणार. माणसाची सही तीस वर्षांत झिजते, पळते, अक्षरं गाळते. तुलना नेहमी त्याच काळातल्या नमुन्याशी करायची. आणि जाता जाता, माउसट्रॅप आणि ‘गांधी’ यांच्यातला धागा सहीपेक्षा घट्ट आहे. अ‍ॅटनबरो नवराबायकोने माउसट्रॅपमध्ये काम करताना पगारातला काही भाग सोडून नफ्यात दहा टक्के वाटा घेतला होता. पुढे ‘गांधी’चे पैसे संपत आले तेव्हा त्या वाट्यातलं जे उरलं होतं तेही त्याने विकून टाकलं. म्हणजे वेस्ट स्ट्रीटवरच्या तिकीटखिडकीचे थोडे पैसे आपल्या बापूंच्या सिनेमात लागले आहेत. मला अ‍ॅटनबरोचा मूळ संचातला, त्या काळातला सहीचा प्रोग्रॅम हवा आहे तो या कारणासाठी. अजून मिळालेला नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. सुरुवात मोठ्या नावांपासून करू नका. एक तर ती महाग, आणि जिथे पैसा तिथे बनावट. खोट्या सह्या करणारा माणूस ख्रिस्तीची सही गिरवतो, १९६७ मधल्या मिसेस बॉइलची कशाला गिरवेल? माझ्या खोक्यांत सगळ्यात जास्त जीव आहे तो अशा कागदांवर. डेव्हिड रेव्हन नावाच्या नटाने मेजर मेटकाफ ४,५७५ वेळा केला. नॅन्सी सीब्रुक या बाई पंधरा वर्षं मिसेस बॉइलच्या बदली नटी होत्या. ६,२४० प्रयोगांना त्या तयार होऊन बसल्या आणि प्रत्यक्ष रंगमंचावर गेल्या बहात्तर वेळा. आपल्याकडे बदलीवर उभं राहणाऱ्याचं दुःख विंगेत बसलेल्यालाच कळतं. अशा माणसाची पेन्सिलीतली सही मला लेखिकेच्या सहीइतकीच मोलाची वाटते. बाजार माझ्याशी सहमत नाही, आणि त्यामुळेच ती परवडते.

एका संचाच्या आठही सह्या एका प्रोग्रॅमवर, हे पहिलं ध्येय ठेवा. त्याच्या जोडीला काही बिनसहीचे कागदही घ्या, त्यांनी संग्रहाला कणा येतो. मुळात ही अर्ध्या तासाची श्रुतिका होती, राणी मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त बीबीसीने ती ३० मे १९४७ ला ऐकवली. त्या आठवड्याचं ‘रेडिओ टाइम्स’ हे कार्यक्रमांचं साप्ताहिक मिळालं तर सोडू नका. नाटकाची संहिता सॅम्युअल फ्रेंचने १९५४ मध्ये छापली, हौशी मंडळांसाठीची साधी पातळ पुस्तिका. कोणा हौशी दिग्दर्शकाने समासात पेन्सिलीने ‘इथे दिवा मालवणे’ छापाच्या सूचना लिहिलेली प्रत मिळाली तर मी कोऱ्या प्रतीपेक्षा तीच घेईन.

आणि तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे आता नाही: लेक लंडनमध्ये आहे. आजची सही हीच सगळ्यात खात्रीची, कारण तिचा इतिहास तुम्हीच लिहिणार. आपल्याकडे प्रयोग संपला की सरळ मेकअप रूममध्ये जाऊन ‘छान झालं हो काम’ म्हणत वही पुढे करता येते. तिकडे आत शिरायचं नाही. स्टेज डोअरपाशी, म्हणजे नटांच्या मागच्या दाराशी, बाजूला उभं राहायचं. दुपारच्या प्रयोगानंतर नटांना मधली विश्रांती हवी असते, रात्री शेवटची गाडी पकडायची असते. दोन वाक्यांत विचारावं, नाही म्हणाले तर हसून सोडावं. साधं काळं किंवा निळं बॉलपेन द्यावं, चकचकीत पानावर मात्र बारीक मार्कर, नाहीतर शाई पुसली जाते. कुठली सही कोणाची हे त्याच रात्री वेगळ्या चिठ्ठीवर टिपून ठेवायला सांगा. आठ दिवसांनी त्या गिरगोट्यांतून कोण रेन आणि कोण पॅराव्हिचिनी हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. त्या रात्री बदली नट उभा राहिला असेल तर तशी चिठ्ठी प्रोग्रॅममध्ये घालतात किंवा सूचना लावतात. चिठ्ठी मिळाली तर ती टाकू नका, तोच तारखेचा पुरावा.

सेंट मार्टिन्सच्या प्रवेशदालनात लाकडी पाटीवर त्या दिवशीचा प्रयोग क्रमांक लावलेला असतो. मार्च २०२५ मध्ये तो ३०,००० झाला. पाटीचा फोटो, तिकीट आणि प्रोग्रॅम एका पाकिटात, एवढं केलं की तीस वर्षांनी तुमच्या नातवाला माझ्यासारख्या माणसाला प्रश्न विचारावा लागणार नाही.

इथून टपालाने सही मागवायची असेल तर थिएटरच्या पत्त्यावर नटाच्या नावाने पत्र, आत कोरं कार्ड आणि परतीचं पाकीट. परतीच्या पाकिटावर ब्रिटिश तिकीट लागतं, आपलं चालत नाही.  ते काम लेकीकडे द्या. जुना, दुर्मीळ प्रोग्रॅम मात्र सहीसाठी कधीही टपालात टाकू नका.

जपणुकीत आपला खरा शत्रू पावसाळा. नव्वदच्या दशकात मी एका आवडत्या प्रोग्रॅमला कौतुकाने लॅमिनेशन केलं. आज तो पिवळट सांडग्यासारखा झालाय, कडेने बुडबुडे आलेत आणि सोडवायचा काही मार्ग नाही. स्टेशनरीच्या दुकानातल्या वास येणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्याही नकोत, त्या शाई ओढून घेतात. पॉलिएस्टरची कडक पारदर्शक पाकिटं मागवा, आत आम्लरहित पुठ्ठा. खोका भिंतीला टेकवून ठेवू नका आणि जमिनीवर तर नाहीच. कसर आणि वाळवी दोघी तिथूनच येतात. स्टेपलची पिन गंजली असेल तर ओढू नका, पातळ पात्याने मागून पाय सरळ करून अलगद काढा. भिंतीवर लावायचा असेल तर रंगीत झेरॉक्स लावा, मूळ प्रत अंधारात. बॉलपेनची शाई उन्हात किती पटकन विरते ते माझ्या एका फ्रेममध्ये दिसतं, सहीचं फक्त पहिलं अक्षर उरलंय.

तेव्हा या लिलावाबाबत माझा सल्ला: बोली लावू नका, आधी विक्रेत्याला तीन गोष्टी मागा. नटसंचाच्या पानाचा सरळ फोटो, सह्यांचा तिरक्या उजेडातला जवळून फोटो, आणि सह्या कुठे, कधी, कोणी घेतल्या याची लेखी हकीगत. ‘पहिला प्रयोग’ हे शब्द काढून, ‘नंतर केलेल्या सह्या’ असं लिहून, परताव्याच्या हमीसह कमी किमतीत द्यायला तयार झाला तर विचार करता येईल. नाही म्हणाला तर तेवढ्या पैशांत साध्या संचांचे सहीचे सहा-सात प्रोग्रॅम येतील. उत्तर आलं की फोटो पाठवा. घडी सहीवरून जात असेल तर तेवढा भाग अगदी जवळून काढा.